एका चहाची जागा

पावसाळी दुपार, खिडकीशी टेबल, वाफाळता चहा आणि उघडं पुस्तक... हे चित्र हल्ली इतकं ओळखीचं झालंय की ते आपल्याकडे पूर्वापार होतं असं वाटावं. तसं नाहीये, मंडळी. घराबाहेर, परक्याच्या दुकानात, चार पैसे देऊन बसायचं आणि तिथे निवांत वाचायचं-लिहायचं, ही सोय आपल्याला तशी अलीकडेच मिळाली. आणि ती सगळ्यांना एकदम मिळाली नाही.

सुरुवात पुण्यापासून करू. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला आणि त्यानंतर जमलेल्यांना चहा-बिस्किटं दिली गेली. जमलेल्यांत न्या. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हा बेत मुळात गोपाळराव जोशींचा, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांचा. त्यांनीच पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात एकच गहजब उडाला. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली. शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कशासाठी? तर परक्याच्या हातचा एक कप चहा! ज्या समाजात चहाचा घोट ही धर्माची बाब होती, तिथे हॉटेलात पुस्तक उघडून बसणं ही फारच पुढची गोष्ट.

हे कोडं बऱ्याच अंशी सोडवलं ते मुंबईच्या इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून ही झोराष्ट्रीयन मंडळी आली. कोपऱ्यावरची दुकानं हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली असं सांगतात. संगमरवरी टेबलं, काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. गिरणी कामगार, विद्यार्थी, दलाल, नट, बेकार, सगळे तिथे येत. टेबल सगळ्यांचं एकच. एक ब्रून-मस्का, एक चहा आणि अर्धा दिवस पेपर. खोलीत दहा माणसं राहणाऱ्या चाळकऱ्याला तेवढाच एकांत. आमच्या पणजीत कॅफे टाटो १९१३पासून भाजी-पाव खाऊ घालतोय, पण तिथलं टेबल घाईचं. खाऊन उठायचं, मागचा उभा असतो.

पण सार्वजनिक जागा म्हणजे सगळ्यांची जागा, हे समीकरण त्या काळी खरं नव्हतं. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीचं मोठं दालन, मिणमिणता दिवा, सोबतीला कुणी नाही. तो एकटेपणा विसरायला ते रात्री वाचत बसत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना तिथून निघावं लागलं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. घराबाहेरच्या वाचनाचा इतिहास लिहायचा तर हा प्रसंग मला पहिल्या पानावर हवा. आपल्याला दिव्याशी बसून वाचणारा माणूस दिसतो. त्या जमावाला फक्त जात दिसली.

म्हणूनच संविधानातलं कलम १५ वाचताना मी दर वेळी दुसऱ्या पोटकलमापाशी थांबते. एवढ्या मोठ्या ग्रंथात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. १९५५च्या अस्पृश्यता कायद्याने तर उपाहारगृहातल्या भांड्यांचाही उल्लेख केला. वेगळी कपबशी ठेवणाऱ्यांना उद्देशूनच तो होता, हे सांगायला नको.

पुढे याच मोकळ्या टेबलांवर मराठी कविताही बसली. अरुण कोलटकर मुंबईत काळा घोडा भागातल्या 'वेसाइड इन'मध्ये वर्षानुवर्षं खिडकीशी बसत आणि समोरचा चौक बघत. झाडूवाल्या, भिकारी, कुत्री, रस्त्यावर वाढली जाणारी न्याहारी... हे सगळं त्यांच्या २००४ साली आलेल्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात आहे. त्याच्या आदल्या वर्षी मराठीत 'भिजकी वही' आली. पुढे ते हॉटेलही बंद पडलं. पण एका खिडकीचं एक अख्खं पुस्तक होतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

'लिंग' हा शब्द मघाशी आला, त्याचं काय? इराण्याकडे बायकांसाठी 'फॅमिली रूम' असे. म्हणजे बाई यायची ती कुटुंबासोबत, पडद्याआड. खिडकीशी एकटी बसून लिहिणारी बाई त्या चित्रात नव्हतीच.

गेल्या श्रावणात चुलतबहिणीकडे बोरगावला गेले होते. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, सौंसर तालुक्यातलं हे गाव. औद्योगिक वसाहतीमुळे थोडं मोठं झालेलं. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३पासून तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. दुकानांच्या पाट्या हिंदी, गिऱ्हाइकांचं बोलणं मराठी. परतीच्या बससाठी निघाले आणि पाऊस असा कोसळला की रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत शिरावं लागलं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, एक टेबल. कढईत आलूबोंडे. बॅगेत पुस्तक होतं, वही होती. या लेखाची पहिली टिपणं तिथलीच.

थोड्या वेळाने कामावरून सुटलेली चार-पाच माणसं आली. मला बघून बोलणं जरा थांबलं. मग एकाने अदबीने विचारलं, "मॅडम, सर्वे करून राहिल्या का?"

मला हसू आलं. त्याचंही खरंच होतं. हातात वही घेऊन एकटी बसलेली बाई म्हणजे सरकारी कामच! म्हटलं, "नाही हो, असंच लिहितेय." यावर काय बोलावं ते त्यांना कळेना. दुकानदार मात्र म्हणाला, "लिहू द्या न जी त्यायले. ताई, पानी थांबेपर्यंत बसा." आणि गळक्या जागेवरून टेबल ओढून त्याने कोरड्यात घेतलं. दोन तासांत मी तीन कट चहा प्यायले. त्यातल्या एकाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

मी कारकून. दिवसभर लिहितच असते, पण ते सगळं साहेबांच्या सहीसाठी. घरी लिहायला बसलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. माझं स्वतःचं असं सलग दोन तासांचं लिखाण त्या टेबलावर झालं, आणि ते मला घरातल्या कुठल्याच खोलीने दिलं नव्हतं.

पंचहौदच्या कपापासून कलम १५पर्यंत साठ वर्षं लागली. हॉटेलचं दार कायद्याने उघडलं, पण टेबलाची सवय कायदा लावत नाही. ती बसून बसूनच लागते. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या पावसात जवळच्या टपरीत एकट्याच जाऊन बसा. वही न्या. कुणी सर्वेचं विचारलं तर रागावू नका. नाही म्हणा, आणि पुढची ओळ लिहा.