पोर्ट लुईचा धक्का आणि पायलट

१. ‘धक्क्याला लागलो’ हे शब्द वाचकाने आजच्या अर्थाने घेऊ नयेत. मॉरिशसमधल्या पोर्ट लुई बंदरात शिडाच्या जहाजांच्या काळी मोठी जहाजे धक्क्याला क्वचितच लागत. बंदर बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे डोंगर अडवतात, म्हणून पाणी शांत; पण उरलासुरला वारा बंदरातून बाहेर समुद्राकडे वाहतो. त्यामुळे शिडाच्या जहाजाला आत शिरणे जिकिरीचे होई. मग ते प्रवाळखडकांच्या बाहेर नांगर टाकून पायलटची वाट पाही. पायलट म्हणजे खाडीची वाट पाठ असलेला स्थानिक वाटाड्या. विमानाशी त्याचा संबंध नाही. तो चढला की होडीतून पुढे दोर नेऊन बांधायचा आणि डेकवरच्या उभ्या रहाटाला आडवे दांडे लावून खलाशांनी गोल फिरत जहाज हातहात ओढायचे. उतारू आणि माल पडावांतून किनाऱ्यावर जात. १८३४ पासून आलेले गिरमिटिये (करारावर आणलेले मजूर), त्यांत मुंबईहून निघालेले आपले रत्नागिरीकरही, असेच बंदरातल्या त्रू फांफारों या खाडीच्या काठी उतरले. तिथल्या दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत (आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ). साखरेची पोतीही दीर्घकाळ पडावांनीच जहाजांवर चढत. सुटी साखर थेट जहाजात ओतणारे टर्मिनल १९८० मध्ये आले. आता टग आहेत, खोल पाण्याचे धक्के आहेत. चक्रीवादळाचा इशारा मिळाला की मात्र मोठी जहाजे आजही दोर सोडून खुला समुद्र गाठतात.