शिक्षणाची सक्ती कोणावर?

मूल शाळेत घालणे आणि ते शाळेत टिकविणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली एका दिवसात उरकते; दुसरीला सात-आठ वर्षे लागतात. आपल्याकडे सक्तीच्या शिक्षणाचे जे कायदे झाले त्यांचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता असे दिसते की, सक्तीचा भार प्रथम आईबापांच्या शिरावर होता, आणि तो हळूहळू सरकारच्या व शिक्षकाच्या शिरावर येऊन पडला. शिक्षकांच्या संघटना या कायद्यांविषयी आज जे बोलतात, त्याचे मर्म या स्थित्यंतरात आहे.

1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच निवेदनात खेड्यातील शिक्षकाला दरमहा 12 रुपयांहून कमी वेतन नसावे, असेही त्यांनी सुचविले. मुलाची सक्ती आणि शिक्षकाची भाकरी यांचा संबंध त्यांनी प्रथमपासूनच ओळखला होता. पुढे झालेल्या कायद्यांनी त्यांचा पहिला मुद्दा उचलला आणि दुसऱ्याकडे बहुधा काणाडोळा केला.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर सक्ती लागू केली. नामदार गोखले यांनी 1911 साली वरिष्ठ कायदे मंडळात मांडलेले विधेयक पुढल्या वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. 1918 साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्याचा कायदा झाला. परंतु तो नगरपालिकांपुरता होता, आणि त्यांनाही सक्ती करणे ऐच्छिकच होते. खेड्यांकडे दृष्टी वळली ती 1923 च्या कायद्याने. अखेर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात 1947 चा कायदा झाला. त्यातही गैरहजर मुलाच्या पालकावर हजेरीचा हुकूम बजावावयाचा आणि तो न पाळल्यास दंड करावयाचा, हीच पद्धत कायम राहिली.

या दंडाचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे समजून घ्यावयाचे तर वसईपासून डहाणूपर्यंतचा मुलूख पाहावा. हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील वारली आणि कातकरी मूल शाळेत जात नसे ते आईबापांच्या हट्टामुळे नव्हे. त्याला गुरे राखावयाची असत, धाकटे भावंड सांभाळावयाचे असे. ज्याच्या घरी रात्रीची चूल पेटण्याची शाश्वती नाही, त्याला दंड करून काय वसूल होणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र. गुरे चरतात तेथेच भरणारी त्यांची कुरणशाळा म्हणजे हजेरीच्या हुकुमाला दिलेले सौम्य परंतु निरुत्तर करणारे उत्तर होते.

वसई तालुक्याच्या पूर्व भागात हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडाशी गावी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे ऐन अभ्यासाच्या महिन्यांत मूल गावच्या शाळेत नसते आणि भट्टीजवळच्या शाळेच्या पटावरही नसते. भट्टीवरच्या गवती खोपटास भोंगा म्हणतात. 1990 नंतरच्या दशकात विधायक संसद या संस्थेने या भोंग्यांच्या वस्तीतच शाळा भरविल्या. त्या भोंगाशाळा या नावाने प्रसिद्ध झाल्या.

केंद्राचा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. वयाच्या 6 ते 14 वर्षांपर्यंत शिक्षण हा मुलाचा हक्क ठरला. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे. परंतु दंड नाही. उलट, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक संस्थेचे काम ठरले, आणि मुलाच्या हजेरीविषयी व प्रगतीविषयी पालकांशी बोलत राहणे हे शिक्षकाचे. वसई-विरार महानगरपालिकाही 2009 सालीच स्थापन झाली. तरी तेथील सरकारी प्राथमिक शाळा त्यानंतर पुष्कळ वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. तेव्हा तेथे पटाबाहेरचे मूल शोधण्याचा भार व्यवहारात पडला तो जिल्हा परिषदेच्या शिक्षकावर.

हा भार नाकारावा, असे महाराष्ट्र राज्य प्राथमिक शिक्षक संघ किंवा शिक्षक समिती यांसारख्या संघटना म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की, भार दिला तर तो वाहण्यास वेळ आणि माणसे द्या. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये, असे याच कायद्याचे कलम 27 सांगते. प्रत्यक्षात नाना तऱ्हेची माहिती संगणकावर भरण्यात दिवस जातो, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

दुसरी तक्रार अधिक मूलगामी आहे. शाळेला शिक्षक किती, हे पटावरील मुलांच्या संख्येवरून ठरते. याला संचमान्यता म्हणतात. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. परंतु सप्टेंबर 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने 20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोहोंपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचे ठरविले. तेव्हा राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. कंत्राटी शिक्षकाचा अनुभव त्यांना नवा नव्हता. वस्तीशाळांतील शिक्षकांनी अल्प मानधनावर वर्षानुवर्षे काम केले होते, आणि दीर्घ झगड्यानंतर 2014 साली त्यांना नियमित शिक्षकाचा दर्जा मिळाला होता.

संघटना आपल्या नोकऱ्यांसाठीच भांडतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यात काही तथ्य नाही असे नव्हे. आपल्या सभासदांचे हित पाहणे हे कोणत्याही संघटनेचे कामच असते. दहा मुलांसाठी दोन शिक्षक हा खर्च सरकारला जड वाटतो, हेही समजण्यासारखे आहे. तथापि, ज्या पाड्यातील मुले सहा महिने भट्टीवर असतात, त्या पाड्याची शाळा लहानच दिसणार. पट घटला म्हणून नियमित शिक्षक कमी करावा, तर उरलेल्या मुलांचे पायही शाळेकडून मागे वळतात, आणि पट आणखी घटतो. मुलाला धरून ठेवण्यासाठी झालेला कायदा अशा रीतीने हिशेबाच्या वहीत त्यालाच गमावून बसतो.

पावसाची पहिली सर आली की भट्ट्या थंड होतात आणि कुटुंबे पाड्याकडे परततात. त्या जूनमध्ये मूल पुन्हा वर्गात येऊन बसेल की नाही, हे बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते: त्याला नावाने ओळखणारा, गेल्या वर्षी ते कोठवर शिकले होते हे ठाऊक असणारा आणि न आल्यास घरी जाऊन विचारणारा शिक्षक त्या शाळेत अजून आहे काय?