‘२०१६ मध्ये संपला’ असं लिहिण्याआधी

गेल्या वर्षी माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण गाईड मॅडमकडून परत आलं. सत्तावीस पानं, आणि सगळ्या पानांत मिळून समासात पेन्सिलीनं लिहिलेला एकच प्रश्न: ‘मग अंधांच्या फुटबॉलचं काय?’ त्या एका प्रश्नानं प्रकरण बसलं. कसं बसलं ते आज सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहात आणि मी केलेली चूक तुम्ही करणार नाही याची मला अजिबात खात्री नाही.

प्रकरणाचा विषय होता सेरेब्रल पाल्सी (यापुढे सीपी) असलेल्या खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय फुटबॉल. बऱ्याच जणांना हा खेळ माहीत नसतो, म्हणून आधी थोडी ओळख. सीपी म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी तान्हेपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी होणं. कोणाचे स्नायू ताठर होतात, कोणाचे हातपाय आपोआप हलत राहतात, कोणाचा तोल जातो. बुद्धीशी याचा थेट संबंध नाही, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं. या फुटबॉलमध्ये पक्षाघात किंवा डोक्याला मार लागून अशीच अवस्था झालेले खेळाडूही येतात. एका संघात सात जण, मैदान आणि गोल लहान, तीस-तीस मिनिटांची दोन सत्रं. ऑफसाइड नाही. थ्रो-इन एका हातानं, चेंडू जमिनीवर लोळवत टाकला तरी चालतो, कारण दोन्ही हात डोक्यावर नेणं प्रत्येकाला जमेलच असं नाही.

मला सगळ्यात आवडलेला नियम मात्र वेगळा आहे. खेळाडूंचे वर्ग पाडलेले असतात, अपंगत्वाचा खेळावर किती परिणाम होतो त्यावरून. पॅरालिम्पिकच्या काळात हे वर्ग पाच ते आठ असे होते, आता तीनच आहेत. सर्वांत कमी परिणाम असलेले खेळाडू एका वेळी मैदानावर किती असावेत यावर मर्यादा होती. आणि पाच किंवा सहा या वर्गांतला, म्हणजे ज्याला हालचाल जास्त अवघड आहे असा निदान एक खेळाडू पूर्ण वेळ मैदानात हवाच. असा खेळाडू नसेल तर संघानं सहा जणांनिशी खेळायचं. विचार करा, प्रशिक्षकाला जिंकायचं असेल तरी सगळ्यात चपळ सात जण उतरवता येत नाहीत. जास्त त्रास असलेला मुलगा शोधून, त्याला तयार करून मैदानात आणावाच लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं नियमपुस्तिका वाचायची असते ती यासाठी. एखाद्या खेळाला स्वतःबद्दल काय वाटतं, ते बऱ्याचदा भाषणांत नसतं, नियमांत असतं.

आता कालक्रम, आणि तो भरभर. पॅरालिम्पिकची गोष्ट आपण नेहमी इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयापासून सुरू करतो. १९४८ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी तिथे मणक्याला इजा झालेल्या १६ माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, १९६० ला रोममध्ये पहिली पॅरालिम्पिक भरली वगैरे. ही गोष्ट खरी आहे, पण ती व्हीलचेअरवरच्या माणसांची आहे. सीपीवाल्यांची गोष्ट या वाटेनं येतच नाही. अंध आणि अंगविच्छेद झालेले खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये आले १९७६ ला टोरांटोत, सीपीवाले त्यानंतर, १९८० ला आर्नहेममध्ये. त्याआधी १९७८ साली एडिनबरोला सीपी खेळाडूंच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आणि तिथे हा फुटबॉल खेळला गेला. त्याच वर्षी सीपीआयएसआरए ही त्यांची आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना उभी राहिली. १९८२ ला डेन्मार्कमध्ये पहिली जागतिक स्पर्धा, १९८४ ला न्यूयॉर्कमध्ये पॅरालिम्पिक पदार्पण. तिथून २०१६ च्या रिओपर्यंत सलग नऊ पॅरालिम्पिक.

(इथे एक आडवळण घेते, कारण यात माझे दोन महिने गेले. सुरुवातीला मी ‘सेरेब्रल पाल्सी’ हेच शब्द टाकून जुनी कागदपत्रं शोधत होते आणि फारसं काही हाती लागत नव्हतं. का? कारण त्या काळी संस्थांच्या पाट्यांवर शब्द असायचा ‘स्पॅस्टिक’. ब्रिटनमधली मोठी संस्था १९५२ पासून स्पॅस्टिक्स सोसायटी याच नावानं ओळखली जायची. पुढे तिथल्या शाळांच्या मैदानांवर तो शब्द शिवी झाला आणि १९९४ ला संस्थेनं नाव बदलून ‘स्कोप’ केलं. आपल्या मुंबईतही मिठू अलूर यांनी १९७२ साली सीपी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली, ती स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचीच. आज त्या संस्थेचं नाव ‘अडॅप्ट’ आहे. तेव्हा तुमच्या विषयातला आजचा सभ्य शब्द तीस-चाळीस वर्षांपूर्वी काय होता, हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. तो शब्द आज तोंडावर घ्यायला नको वाटेल, पण कपाटातली फाईल त्याच नावाखाली असणार.)

तर, चौथं प्रकरण. ३१ जानेवारी २०१५ ला आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीनं जाहीर केलं की २०२० च्या टोकियो स्पर्धेत हा सात जणांचा फुटबॉल नसेल. (समितीला मी आयपीसी म्हणते. दंडसंहितेचा इथे काही संबंध नाही.) त्याच दिवशी नौकानयनही बाहेर गेलं. माझा प्रश्न सरळ होता: हा खेळ का काढला?

मी पदकांचा तक्ता काढला. उभ्यानं खेळणाऱ्यांच्या नऊ स्पर्धांतली सुवर्णपदकं अशी: १९८४ बेल्जियम, १९८८, १९९२, १९९६ नेदरलँड्स, २००० रशिया, २००४, २००८ युक्रेन, २०१२ रशिया, २०१६ युक्रेन. नऊ सुवर्णं, चार देश, चारही युरोपातले. मला वाटलं, सापडलं! निष्कर्ष समोर हात जोडून उभा होता: खेळ मूठभर युरोपीय देशांच्या बाहेर गेलाच नाही, म्हणून तो काढावा लागला. सत्तावीस पानं मी या एका वाक्याभोवती लिहिली. प्रकरणाला नावही झोकात दिलं होतं, ‘एका खेळाचा अंत’.

आणि मग तो पेन्सिलीतला प्रश्न. अंधांचा पाच जणांचा फुटबॉल पॅरालिम्पिकमध्ये आला २००४ ला. २००४, २००८, २०१२, २०१६, टोकियो, पाचही सुवर्णपदकं ब्राझीलची. चार देश सोडा, एकच देश! तरी तो खेळ कोणी काढला नाही. म्हणजे सुवर्णपदकं कोणाकडे साठली यावरून खेळ राहतो की जातो, हे माझं गृहीतक तिथल्या तिथे बाद.

दुसरी गोष्ट मॅडमनी सांगितली नाही, ती मलाच दिसायला हवी होती. मी फक्त पहिला रकाना वाचला होता. दुसरा-तिसरा वाचा: २००० ला ब्राझील कांस्य, २००४ ला ब्राझील रौप्य, २००८ आणि २०१२ ला इराण कांस्य, २०१६ ला इराण रौप्य आणि ब्राझील कांस्य. २००० पासून एकही पॅरालिम्पिक अशी नाही की जिथे युरोपाबाहेरचा संघ पदक घेऊन गेला नाही. ‘युरोपाच्या बाहेर गेलाच नाही’ हे माझं वाक्य माझ्याच तक्त्यात खोटं ठरत होतं. तक्ता परिशिष्टात होता. मीच टाईप केलेला.

मग खरं कारण काय? ते लपलेलं नव्हतंच. आयपीसीनं जाहीर केलेलं कारण होतं की हा खेळ जागतिक प्रसाराचा किमान निकष पूर्ण करत नाही. सांघिक खेळांसाठी तो निकष असा होता: किमान २४ देशांत आणि आयपीसीच्या तीन विभागांत खेळ मोठ्या प्रमाणावर व नियमित खेळला जायला हवा. म्हणजे पदकांचा प्रश्नच नव्हता, मोजणीचा होता. मी निकष न वाचता निकाल समजावून सांगत बसले होते.

पण इथे थांबलात तर तुम्ही आयपीसीचे प्रवक्ते व्हाल, इतिहासकार नाही. ‘मोठ्या प्रमाणावर व नियमित’ म्हणजे किती, आणि हे मोजतं कोण? सीपी फुटबॉलच्या बाबतीत ही मोजणी जरा जास्तच अवघड आहे. अमुक देशात हा खेळ आहे असं आंतरराष्ट्रीय पातळीवर म्हणायचं तर खेळाडूंचं वर्गीकरण झालेलं हवं. वर्गीकरणाला प्रशिक्षित माणसं लागतात, ती नुसता दाखला बघत नाहीत, खेळाडूला पळवून, वळवून, तोल सांभाळायला लावून तपासतात. अशी माणसं नसतील तर परदेशी स्पर्धेला जाऊन वर्गीकरण करून घ्यायचं, आणि त्याला पैसे हवेत. सगळ्या प्रकारच्या अपंगांच्या खेळांना हे लागू आहे, मान्य. पण इथे एकट्या खेळाडूची गोष्ट नाही, अख्खा संघ लागतो, आणि त्या संघात तो जास्त त्रास असलेला खेळाडूही लागतो, ज्याला घरातून मैदानापर्यंत आणणंच मुळात अवघड. मला जो नियम इतका आवडतो, तोच नवीन देशाला संघ उभा करताना जड जात असणार. हे मी पुराव्यानिशी सिद्ध केलेलं नाही, सध्या तो माझा तर्क आहे आणि खर्ड्यात मी तसंच लिहिलंय. तुम्हीही तर्काला तर्कच म्हणा. व्हायव्हाला वाचाल.

त्यात पैशाची गाठ. बऱ्याच देशांत सरकारी निधी पॅरालिम्पिकच्या यादीकडे बघून ठरतो. यादीत नाही तर निधी नाही, निधी नाही तर संघ नाही, संघ नाही तर देशांची संख्या वाढत नाही, संख्या नाही म्हणून यादीत नाही. ‘कमी देश खेळतात म्हणून काढला’ हे वाक्य २०१५ साठी बरोबर असेल, पण २०१५ नंतरच्या वर्षांसाठी तेच वाक्य उलट्या दिशेनंही वाचावं लागतं. योगायोग बघा, जुन्या संघटनेकडून या खेळाचा कारभार घेण्यासाठी आयएफसीपीएफ ही फक्त फुटबॉलची नवी संघटना सुरू झाली तीही जानेवारी २०१५ मध्येच. कामाला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात हातात हा निर्णय.

आणि आपण तेव्हा काय करत होतो? माझ्यापुरतं सांगते. टोकियोच्या यादीत बॅडमिंटन आणि तायक्वांदो नव्यानं आले. बॅडमिंटनमध्ये भारतानं दोन सुवर्णांसह चार पदकं जिंकली आणि मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. ज्या यादीनं आपल्याला ती चार पदकं दिली त्याच यादीतून कोणीतरी बाहेर गेलं होतं, हे मला प्रबंध घेईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता रिओ. २०१६ ला दिओदोरोच्या मैदानावर आठ संघ उतरले तेव्हा प्रत्येक खेळाडूला माहीत होतं की पुढच्या वेळी आपला खेळ नसणार. त्यात आणखी एक घोळ. २०१२ चा पॅरालिम्पिक विजेता आणि २०१५ चा जगज्जेता रशिया तिथे नव्हताच. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात आयपीसीनं ७ ऑगस्टला रशियाच्या समितीला निलंबित केलं, २३ ऑगस्टला क्रीडा लवादानं त्यांचं अपील फेटाळलं, आणि स्पर्धा सुरू होत होती ७ सप्टेंबरला. रशियाच्या जागी इराणला बोलावलं. ऐनवेळी आलेला हा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला आणि जादा वेळेत युक्रेनकडून २-१ असा हरला. पदकतक्त्यात याची एक ओळ आहे: युक्रेन, इराण, ब्राझील. इराण मुळात पात्र संघांत नव्हता, हे त्या ओळीत नाही. रशिया का नव्हता, तेही नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यातही नव्हतं, कारण मी ती ओळच वाचून पुढे गेले होते.

त्यानंतर? २०२४ च्या पॅरिसमध्ये खेळ नव्हता, २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. पण २०१७ ला अर्जेंटिनात सान लुईसला जागतिक स्पर्धा झाली, २०१९ ला स्पेनमध्ये सेव्हियाला विश्वचषक झाला. आणि २०२२ ला स्पेनमधल्याच सालोऊ गावी सीपी असलेल्या महिला फुटबॉलपटूंचा पहिला विश्वचषक झाला. अमेरिकेनं अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं. हे वाचलं तेव्हा मी खरंच लॅपटॉप मिटून चहा करायला गेले. ज्या खेळाचा मी २०१६ ला अंत्यविधी उरकला होता, त्यातल्या बायकांचा विश्वचषक त्यानंतर सहा वर्षांनी सुरू होत होता. पॅरालिम्पिकच्या नऊ स्पर्धांत महिलांचा संघ कधीच नव्हता. म्हणजे माझा ‘अंत’ हा फार तर पुरुषांच्या पॅरालिम्पिक पदकांचा होता, आणि तो मी अख्ख्या खेळाला चिकटवला होता.

चौथं प्रकरण आता पुन्हा लिहितेय. आयपीसीचा निकष आधी येतो, पदकं मागे गेलीत, आणि २०१५ नंतरच्या वर्षांसाठी वेगळा भाग केलाय. पुढच्या महिन्यात आरएसीसमोर मांडायचंय. ‘एका खेळाचा अंत’ हे शीर्षक खोडलंय. नवं अजून सुचलेलं नाही, सध्या फाईलचं नाव नुसतं ‘प्रकरण ४ नवीन नवीन’ असं आहे.