होटगीला गाडी बदला

पायाखाली नीट बघा. इकडचे रूळ जवळजवळ, पलीकडचे चांगले ऐसपैस. होटगी जंक्शन आहे हे. विजापूरकडून अरुंद रुळांवरून डुलत आलेली छोटी गाडी सोडा आणि मोठ्या गाडीकडे चला. मोबाइल चाचपू नका. ऐंशी वर्षं मागं आला आहात, खिशात फक्त तिकिटाचा जाड पुठ्ठा आहे.

ऊन डोक्यात शिरतंय. इंजिनाच्या धुरातली कोळशाची कणी डोळ्यात गेली, चोळू नका, आणखी रुतेल. मानेवरच्या घामात काजळी मिसळली आहे. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल ओरडतो, "सरका की हो!" एक म्हातारी कानडीतून काही विचारते, उत्तर मराठीतून येतं आणि दोघांचंही समाधान होतं. डब्यात ती तुम्हाला खेटून बसते, फडकं सोडते. शेंगाचटणीचा लसणी वास दरवळतो. "घ्या की." नाही म्हणू नका. ज्वारीची कडक भाकरी दाताखाली कडकन मोडते आणि चटणीनं डोळ्यांत पाणी येतं. बरं झालं, कणी निघाली.

भाकरी संपेपर्यंत सोलापूर. गिरणीचा भोंगा झालाय, पाळीचे कामगार अंगावर कापसाचे तंतू घेऊन लोंढ्यानं बाहेर पडताहेत. याच गावात 1932 साली पुढं सिनेमात गाजलेली शशिकला जवळकर जन्मली. वडिलांचा व्यापार भरात होता तोवर ही पोर हौसेनं जिल्ह्यातल्या गावांत स्टेजवर नाचली, गायली. मग धंदा बुडाला, अन् घरच्यांनी मुंबई धरली. हौसेचं नाचणं आता पोटासाठी लागणार होतं.

तुम्हीही इथं उतरू नका, मुंबईलाच चला. रात्रभर लाकडी बाकावर अंग आखडून घ्या, पहाटे घाटाचा गारवा खिडकीतून अंगावर घ्या. मुंबईत ती लोकांच्या घरी कामं करते, स्टुडिओंच्या फाटकांशी खेटे घालते. गायिका-नटी नूरजहाँची नजर तिच्यावर पडते आणि एक दार किलकिलं होतं.

शिरा आत. 'झीनत' सिनेमातल्या कव्वालीचं चित्रीकरण आहे. बायकांच्या रांगेत बसा, मांडी घाला, ओढणी सावरा. दिवे लागले! तव्यावर टाकल्यासारखे गाल भाजू लागतात. चेहऱ्यावरच्या रंगाखाली घामाला वाटच मिळत नाही. गरम तारांचा, पावडरीचा, कोमेजल्या गजऱ्यांचा वास एकत्र होऊन घशाशी येतो. शेजारी बसलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी बघा. हीच ती. तिचं कोपर तुमच्या बरगडीत टोचतंय.

रेकॉर्ड सुरू झाली. टाळी! सगळ्यांची एकदम, एका ठेक्यावर. पुन्हा. आणखी एकदा. तळवे झणझणतात, लाल होतात. पोरीचे हात मात्र थांबत नाहीत. तिला या कामाचे 25 रुपये मिळाले, असं सांगतात.

आता सतरा वर्षांची उडी मारा. पुन्हा सोलापूर, थिएटरचा अंधार. विडीचा धूर, पायाखाली शेंगांची टरफलं, कुठंतरी रडणारं तान्हं पोर. 'आरती' लागला आहे. मीनाकुमारीला छळणारी शशिकला पडद्यावर येते. डोळा बारीक करते, ओठाचा कोपरा किंचित उचलते, आणि बायकांच्या बाजूनं एकच आवाज होतो : कडाकडा. दहा-वीस जणी बोटं मोडताहेत तिच्या नावानं! "मेली, जळो हिचं तोंड!"

तुम्हीही हात उचलता. पण तळवे अजून झणझणताहेत ना? इतक्या जणींना एका भुवईसरशी खुर्चीच्या टोकाला आणून बसवायचं, हे काम आहे, आणि त्यामागं ते लाल तळवे आहेत. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर मिळालं, पुढच्या 'गुमराह'साठीही. पुढं हेच हात मदर तेरेसांच्या संस्थेत रुग्णांची सेवा करत राहिले. 2007 साली पद्मश्री आली. ज्यांनी तिला शिव्या घातल्या, त्यांच्यातल्या किती जणींना हे कळलं असेल? मला वाटतं, त्या बोटं मोडणाऱ्या हातांइतकी सच्ची दाद तिला क्वचितच मिळाली असेल.

सिनेमा सुटला. होटगीकडची गाडी गाठा, मागच्या डब्यात शिरा. शेजारची बाई अजून फणफणतेच आहे. तिला हळूच सांगा, "मावशी, आपल्या सोलापूरचीच आहे ती."

ती थबकते. पदरानं कपाळ पुसते. मग गालातल्या गालात हसते.

"होय का? मग तिखट असणारच की!"

आणि फडकं सोडून तुमच्यापुढं भाकरी सरकवते.