लखनौची तबकडी कुठे सापडते?

आजचा भाग जरा फिरतीचा आहे.

जुन्या रेकॉर्डचं वेड पुन्हा आलंय, हे तुम्ही पाहत असाल. तरुण मुलंमुली सुट्टी काढतात, गाडी काढतात आणि गावोगावची रेकॉर्डची दुकानं पालथी घालतात. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, दिल्लीत जामा मशिदीजवळचा मीना बाजार, कोलकात्यात फ्री स्कूल स्ट्रीट ही या लोकांची तीर्थक्षेत्रं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं तेव्हा हा धंदा संपला असं अनेकांना वाटलं होतं. मोठं दुकान गेलं, पण छोटी राहिली, काही नव्यानं उघडली.

आता समजा, या फेरीत आपण लखनौ घेतलं. मुंबईहून रस्त्यानं साधारण 1400 किलोमीटर. लखनौ म्हणजे ठुमरी, दादरा, गझल, कथक. तिथल्या जुन्या शहरात नख्खासचा बाजार आहे. रविवारी रस्त्याच्या कडेला जुन्या वस्तू मांडलेल्या असतात. अशा ठिकाणी लखनौच्या गाण्याच्या तबकड्या ढिगानं मिळाव्यात, असं आपल्याला वाटणार. पण आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गाणं लखनौचं असलं, तरी तबकडी लखनौची नसते. ती कोलकात्याची असते. असं का, ते समजून घेतलं की हातात येणारी प्रत्येक तबकडी वेगळी दिसायला लागते.

सुरुवात 1856 पासून करावी लागते. त्या वर्षी इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह कोलकात्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिला. राज्य गेलं, पण त्याच्यामागे गवई, वादक, नाचणारे, स्वयंपाकी अशी माणसं गेली. 1887 मध्ये तो वारला. तोपर्यंत तीस वर्षं कोलकात्याच्या वेशीवर एक छोटं लखनौ नांदत होतं. कोलकात्यातल्या धनिकांना ठुमरीची गोडी लागली ती बरीचशी याच काळात.

पुढे 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्याला आला. कंपनीला हिंदुस्थानात यंत्रं विकायची होती, आणि यंत्रं विकायची तर इथलं गाणं हवं. त्याला मिळाल्या गौहरजान. त्यांचा जन्म 1873 चा, आझमगडचा. मुक्काम कोलकात्याला आणि गुरूंमध्ये लखनौच्या कथक घराण्याचे बिंदादीन महाराज. म्हणजे लखनौची विद्या तबकडीवर चढली ती कोलकात्यात बसून.

ध्वनिमुद्रण व्हायचं मेणाच्या जाड चकतीवर. त्या चकत्या बोटीनं जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथे तबकड्या छापल्या जायच्या आणि विकायला परत इकडे यायच्या. गाणं संपताना गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारतात, ते तुम्ही ऐकलं असेल. ती हौस नव्हती. हानोव्हरच्या कारागिराला कोणती चकती कुणाची हे कळावं, म्हणून ती सोय होती. 1908 मध्ये कोलकात्यात सियालदाला कारखाना निघाला आणि हा बोटीचा फेरा संपला. लखनौत मात्र असा कारखाना आला नाही. तबकडी तिथे पोचायची ती विक्रीचा माल म्हणून.

आणखी एक गंमत बघा. आपण सरसकट 'विनाइल' म्हणतो, पण या तबकड्या विनाइलच्या नव्हेत. त्या लाखेच्या. लाख, दगडाची पूड आणि काजळी असं ते मिश्रण. जगभरच्या तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. विनाइलची एलपी अमेरिकेत 1948 मध्ये आली आणि आपल्याकडे रुळायला आणखी बरीच वर्षं लागली. लाखेची दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं मावतं. तासभर रंगणारी ठुमरी तीन मिनिटांत बसवायची! जे बसलं, तेच आपल्यापर्यंत आलं.

आता याच वर्षांत दुसरा एक माणूस गाण्याच्या शोधात हिंदुस्थानभर फिरत होता. तो आपला. वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मलेले, पेशानं वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे. 1904 मध्ये ते दक्षिणेत गेले, 1907 मध्ये पूर्वेकडे, 1908 मध्ये उत्तरेकडे. कंपनीची माणसं यंत्र घेऊन फिरत होती आणि भातखंडे कागद-पेन्सिल घेऊन. कंपनीला खपेल असा आवाज हवा होता. भातखंड्यांना बंदिशी हव्या होत्या, रागांचे नियम हवे होते. काही उस्तादांच्या बंदिशी त्यांनी फोनोग्राफवरही घेतल्या. पण फोनोग्राफची मेणाची नळकांडी दर वेळी वाजवताना झिजतात. त्यांचा खरा भरवसा होता तो लेखनावर. त्यातूनच क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग उभे राहिले. त्यांत सुमारे 1800 बंदिशी आहेत. आणि हे काम मुळात मराठीत झालं, हे विसरू नका.

लखनौशी त्यांचा संबंध इथेच येतो. 1924 आणि 1925 च्या अखिल भारतीय संगीत परिषदा लखनौत भरल्या. त्यातून 1926 मध्ये तिथे संगीताचं कॉलेज निघालं. राय उमानाथ बली यांच्यासारख्या तिथल्या मातब्बरांनी पाठबळ दिलं. प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस, म्हणून नाव पडलं मॅरिस कॉलेज. दोन वर्षांनी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे प्राचार्य झाले आणि लखनौत मराठी-कोकणी माणसांची ये-जा सुरू झाली. बेळगावजवळच्या बैलहोंगलचे के. जी. गिंडे लहान वयात रातंजनकरांकडे शिकायला लखनौत येऊन राहिले. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग तिथे शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबला वाजवून महाराष्ट्राला वेड लावणारे अहमदजान थिरकवा उतारवयात याच कॉलेजात होते. 1976 मध्ये लखनौतच ते गेले. कॉलेजला पुढे, 1966 मध्ये, भातखंड्यांचं नाव मिळालं.

हे सगळं अभिमानाचं आहेच. पण इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. भातखंड्यांना गाणं शाळेत आणायचं होतं, भद्र घरांतल्या मुलामुलींपर्यंत न्यायचं होतं. त्यासाठी गाण्याचा कोठ्याशी असलेला संबंध तोडावा, असं त्या काळच्या सुधारकांना वाटत होतं. पण लखनौची ठुमरी-दादरा पिढ्यान् पिढ्या जपला कुणी? कोठ्यावरच्या बायकांनी. क्रमिक पुस्तकांत बंदिश उरली, राग उरला. त्या बायकांची पुकार, बोल फिरवण्याची रीत, श्वास कुठे घ्यायचा ती समज, हे कागदावर उतरत नाही. ते उतरलं लाखेवर. कंपनीला समाजसुधारणेशी देणंघेणं नव्हतं. तिला खप हवा होता आणि बायकांचं गाणं खपत होतं. म्हणून ज्यांना संगीताच्या नव्या व्यवस्थेत मानाची जागा नव्हती, त्यांचा आवाज बाजारानं सांभाळला.

याचा पुरावा बघायचा तर लेबल वाचा. जुन्या तबकड्यांवर बाईजींच्या नावामागे इंग्रजीत 'मिस' असायचं. उलट, घरंदाज गाणाऱ्यांच्या नावापुढे कंसात 'अॅमॅच्युअर' असं छापलेलं दिसतं. म्हणजे हे पोटासाठी गात नाहीत, हौसेनं गातात, ही ग्वाही. तीन मिनिटांच्या गाण्यावर समाजाची अशी मोहोर उमटलेली असायची.

सगळ्यात बोलकं उदाहरण आहे 1914 मध्ये फैजाबादला जन्मलेल्या एका मुलीचं. 1930 च्या दशकात कोलकात्याच्या मेगाफोन कंपनीनं तिच्या तबकड्या काढल्या. लेबलवर नाव होतं अख्तरीबाई फैजाबादी. 1945 मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न झालं आणि चारचौघांत गाणं थांबलं. पुढची काही वर्षं आजारपणाची आणि दुःखाची गेली. 1949 मध्ये त्या आकाशवाणीच्या लखनौ केंद्रावर पुन्हा गायला बसल्या. त्यानंतर जी लेबलं आली, त्यांवर नाव होतं बेगम अख्तर. आवाज तोच, माणूस तोच. 'बाई' गेलं, 'बेगम' आलं. मधल्या न गायलेल्या वर्षांची तबकडी अर्थातच नाही. पण दोन लेबलं शेजारी ठेवली की ती वर्षं दिसतात.

आणि रेडिओचा विषय निघालाच आहे, तर त्याचाही वाटा सांगतो. लखनौचं रेडिओ केंद्र 2 एप्रिल 1938 ला सुरू झालं. शहराला प्रथमच स्वतःचा मायक्रोफोन मिळाला. मॅरिस कॉलेजात शिकलेला, 1924 मध्ये लखनौतच जन्मलेला एक कोवळ्या गळ्याचा मुलगा तिथे गझल गाऊ लागला. तो तलत महमूद. एचएमव्हीनं 1941 मध्ये त्याची पहिली तबकडी काढली. पुढे नाव व्हायला मात्र त्यालाही आधी कोलकाता आणि मग मुंबई गाठावी लागली. वाजिद अली शाहच्या वेळचा रस्ता अजून तोच होता.

आता पुन्हा आपल्या फेरीकडे येऊ. जुन्या बाजारात किंवा छोट्या दुकानात तबकड्यांचा गठ्ठा समोर आला, तर काय करावं?

पहिलं म्हणजे वजन आणि स्पर्श. लाखेची तबकडी जड असते आणि पडली की फुटते. विनाइल वाकतं. लाखेची तबकडी स्पिरिटनं कधीही पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीच्या बारीक सुईनं 78 ची तबकडी वाजवू नका. तिची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते.

दुसरं, तबकडी उजेडात तिरकी धरा. खाचा करड्या दिसल्या तर ती पोलादी सुईनं घासून गेली आहे. ती सुई दर बाजूला बदलायची असे, पण काटकसरीच्या घरात एकच सुई दहा गाणी चालायची. म्हणून गंमत अशी की लोकांच्या आवडीचं गाणं सर्वांत झिजलेलं मिळतं आणि कुणी न ऐकलेलं गाणं नवंकोरं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नामवंत नाव शोधून बाकीचा गठ्ठा बाजूला टाकू नका. ज्या 'मिस' किंवा 'बाई'चं नाव तुम्ही कधीच ऐकलेलं नाही, तिथे थांबा. बेगम अख्तर आता सगळीकडे ऐकायला मिळतात. या अनोळखी बाईचं मात्र कुठे पुस्तक नाही, कॉलेजच्या भिंतीवर तसबीर नाही. ही तबकडी फुटली तर तिचा आवाज कदाचित कायमचा संपेल. आपल्याकडे भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, अल्लादिया खाँसाहेब 1946 मध्ये गेले. दोघांचंही गाणं ध्वनिमुद्रित स्वरूपात आपल्याला मिळालेलं नाही. ज्यांचं नाव घेताना कानाला हात लावतो, त्यांचा आवाज नाही आणि नाव पुसलं गेलेल्या बायकांचा आवाज चारदोनशे रुपयांच्या गठ्ठ्यात पडून आहे. ही परिस्थिती समजून खरेदी करायला हवी.

घेतलेल्या तबकडीच्या दोन्ही लेबलांचे फोटो काढा. लेबलवरचा क्रमांक आणि मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक, दोन्ही लिहून ठेवा. त्या कोरीव क्रमांकावरून ध्वनिमुद्रणाचा काळ काढता येतो. कुठल्या गावात, कुठल्या बाजारात मिळाली तेही लिहा. मुंबईत 1990 मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. अशाच नोंदी गोळा करत त्या मंडळींनी हौशी माणसांच्या बळावर मोठं काम केलं. गाणं डिजिटल करून घ्या आणि स्वतःच्या कपाटात दडवू नका. उस्तादांनी चिजा लपवल्या म्हणून आपण नावं ठेवतो. संग्राहकानंही तेच केलं तर मग फरक काय राहिला?

शेवटी भातखंड्यांचा एक गुण जरूर घ्यावा. ते जिथे गेले, तिथे कुणाकडून काय ऐकलं हे लिहीत गेले. त्यांच्या वहीत जे मावलं नाही, ते या तबकड्यांत आहे. आणि तबकडीच्या तीन मिनिटांत जे मावलं नाही, त्यातलं काही त्यांच्या पुस्तकांत आहे. लखनौचं गाणं समजून घ्यायचं तर दोन्ही जवळ ठेवून ऐकावं लागतं. तेव्हा तबकड्यांच्या शोधात निघाल, तेव्हा गाडीत क्रमिक पुस्तकाचा एखादा भाग टाका आणि एक कोरी वहीही टाका.