तख्तसिंगजी वेधशाळा आणि तेजोमेघाची प्रमुख रेषा

पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचा उल्लेख आपल्याकडे बहुधा हळहळ व्यक्त करण्यासाठीच केला जातो. इ. स. १८८८ मध्ये ती उभी राहिली, १९१२ मध्ये बंद झाली, उपकरणे कोडाईकनालला गेली. एवढ्यावर कथा संपते. परंतु वेधशाळेचे मोल तिच्या आयुर्मानावरून ठरवणे योग्य नव्हे. तिच्या उपकरणांनी कोणत्या प्रश्नाला हात घातला, हे पाहिले पाहिजे. या दृष्टीने १८९१ मधील तेथील एक निरीक्षण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

वेधशाळेचे मूळ मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आहे. तेथे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांना १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजांकडून पाच हजार रुपयांची देणगी मिळाली व मुंबई सरकारने तितकीच भर घातली. मूळ बेत वर्णपटाच्या प्रयोगशाळेचा होता. १८८४ मध्ये खरेदीसाठी इंग्लंडला गेले असता नायगमवालांचा विचार बदलला आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. या बदलामागे सर नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला होता, ही गोष्ट पुढील कथाभागासाठी ध्यानात ठेवावी. मुंबईपेक्षा पुण्याचे आकाश बरे, म्हणून जागा तेथील विज्ञान महाविद्यालयात ठरली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली, काचेवर चांदीचा मुलामा दिलेल्या आरशाची दुर्बीण हे तिचे मुख्य साधन होते. वर्णपटाच्या कामास आरसा सोयीचा, कारण भिंगाप्रमाणे तो निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकवटीत नाही. फटीवर पडणारी प्रतिमा सर्व रंगांत सारखीच रेखीव असते.

आता मूळ प्रश्न. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळविला, तेव्हा त्यांना ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्याच तेजस्वी रेषा दिसल्या. तेजोमेघ वायुरूप आहे हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु हिरव्या भागातील सर्वांत ठळक रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. लॉकियर यांनी १८८७ पासून मांडलेल्या उल्कासिद्धान्तात तिला उत्तर होते. त्यांच्या मते तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशातील एका पट्ट्याची उरलेली कड. स्थान जवळजवळ जुळत होते. हगिन्स यांना हे मान्य नव्हते आणि वाद कडवट झाला.

वादाचा निकाल केवळ तरंगलांबी मोजून लागेल असे नव्हते. रेषेचे रूपही महत्त्वाचे होते. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका कडेस तीक्ष्ण असतो व निळ्या बाजूस हळूहळू विरत जातो. म्हणजे तेजोमेघाची रेषा त्याचा अवशेष असेल, तर तिची निळी कड धूसर दिसली पाहिजे. येथे एक प्रकाशशास्त्रीय मेख आहे. फटीची रुंदी तीच ठेवून अपस्करण वाढविले, तर एकवर्णी रेषेची तेजस्विता फारशी घटत नाही, कारण ती फटीचीच प्रतिमा असते. पसरट प्रकाश मात्र विरळ होतो. तेव्हा अधिक अपस्करणाखाली रेषा स्वच्छ दिसली, तरी ‘धूसर भाग फिकटून दिसेनासा झाला’ असे प्रतिपक्ष म्हणू शकतो. उलट अल्प अपस्करणाखाली किंवा रुंद फटीत धूसरपणा रेषेतच मिसळून जातो. म्हणून एका मांडणीतले दर्शन येथे पुरेसे नव्हते. रेषा सर्व परिस्थितींत रेखीव राहते काय, हेच पाहावे लागत होते.

नायगमवालांनी मृगातील तेजोमेघाचे जे निरीक्षण १८९१ मध्ये प्रसिद्ध केले, त्याचा निष्कर्ष नेमका हाच होता : रेषा सर्व परिस्थितींत रेखीवच दिसते. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा आकारास आली, त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध हा पुरावा गेला. १८९८ च्या जानेवारीत जेऊर येथे नायगमवालांनी केलेले खग्रास सूर्यग्रहणाचे वेध अधिक गाजले. तरी माझ्या मते शास्त्रीय दृष्ट्या हे लहानसे निरीक्षण अधिक वजनदार आहे. वादाचा निकाल त्याने एकट्याने लावला नाही, हेही खरे. लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी केलेल्या सूक्ष्म मापनांचा वाटा त्यात मोठा होता.

रेषेचे खरे मूळ १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले. ती ५००७ अँगस्ट्रॉमची रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. प्रयोगशाळेतील वायू इतका दाट असतो, की अणूंच्या टकरींमुळे ते संक्रमण घडून प्रकाश बाहेर पडण्यापूर्वीच ऊर्जा निघून जाते. तेजोमेघाच्या विरळतेत मात्र अणूला पुरेसा अवधी मिळतो. मॅग्नेशियम नव्हे आणि हगिन्स यांच्या बाजूचे लोक मानीत ते नवे मूलद्रव्यही नव्हे.

वेधशाळेचा कारभार एका व्यक्तीच्या भोवती उभा होता, आणि तिच्यासाठी उत्तराधिकारी घडविला गेला नाही. १९१२ मध्ये नायगमवाला सेवानिवृत्त होताच ती मिटली. तिची दुर्बीण कित्येक दशके देशातील सर्वांत मोठी गणली गेली. पण ती जेथे पोहोचली त्या कोडाईकनालच्या वेधशाळेचे मुख्य काम सूर्याचे होते, तेजोमेघांचे नव्हते.