लिंगाण्याची गुहा आणि बंदिवानांचा नवा कायदा

महाडाहून निघून रायगडाचा माथा गाठलेला प्रवासी सह्याद्रीकडे पाहू लागला, म्हणजे मुख्य रांगेपासून सुटून उभा राहिलेला एक सुळका त्याच्या दृष्टीस पडतो. तो लिंगाणा. रायगड हे राजगृह आणि लिंगाणा हे कारागृह, अशी म्हण त्या मुलखात आहे. सुळक्याच्या अंगात खोदलेल्या गुहेत बंदिवान ठेवीत. कुलपाची तेथे फारशी मातब्बरी नव्हती. शिडी किंवा दोर काढून घेतला, की वर कडा आणि खाली दरी. पळू पाहणारा कड्यावरून जाई आणि न पळणारा उपाशी मरे, असे परंपरेने सांगत आले आहेत. महाड-पोलादपूरच्या डोंगरी टापूतील कांगोरी ऊर्फ मंगळगड हाही असाच बंदिवासाचा गड. 1817 साली हैदराबादेहून पुण्याकडे येणारे हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी उरुळीजवळ पेशव्यांच्या लोकांच्या हाती सापडले, ते प्रथम येथे आणि पुढे वासोट्यावर अडकवून ठेवले होते.

गडावरील कैद्याचे दिवस धन्याच्या मर्जीने मोजले जात. इंग्रजी अमदानीत मर्जीच्या जागी कलमे आली. 1894 च्या तुरुंगांच्या कायद्याने स्त्रिया व पुरुष, कच्चे कैदी व शिक्षा झालेले कैदी यांस वेगवेगळे ठेवण्याचा दंडक घातला. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच कायद्यात बेड्या होत्या, शिक्षेचा तुटपुंजा शिधा होता आणि 30 पर्यंत फटके मारण्याची मुभा होती. माणूस सुधारून घरी परतावा, हा विचार सरकारी कागदांत ठळकपणे उमटला तो 1919-20 च्या सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या समितीपासून. मुंबई इलाख्याने 1929 साली तरुण गुन्हेगारांसाठी बोर्स्टल शाळांचा कायदा केला.

खरे धाडस मात्र औंधसारख्या चिमुकल्या संस्थानाने केले. तेथे 1939 साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसले. मॉरिस फ्रीडमन या पोलंडात जन्मलेल्या गृहस्थाची ही कल्पना. कैद्याने उघड्यावर शेती करावी, बायकामुलांसह राहावे, आणि भिंतीच्या जागी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा! व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचला.

डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळाने कारागृहे व सुधारसेवा यांविषयीचे विधेयक संमत केले. खुली कारागृहे, खुल्या वसाहती, स्त्रियांसाठी व तरुण गुन्हेगारांसाठी वेगळ्या संस्था, बंदिवानांच्या कल्याणासाठी निधी, अशा तरतुदी त्यात आहेत. औंधाने जे एका माळावर करून पाहिले, त्याला राज्याच्या कायद्यात जागा मिळाली. कायद्याच्या नावात ‘सुधार’ हा शब्द आला, हेही बरे झाले. परंतु 2022 च्या अखेरीस देशातील दर 100 कैद्यांमागे सुमारे 75 जण खटला चालू असलेले, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा आहे असे होते. त्यांना सुधारावयाचे ते कशापासून, हा प्रश्न त्या शब्दाने सुटत नाही.

कायदा आणि कैदी यांच्यामध्ये आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे तुरुंगाची नियमपुस्तिका. झाडू कोणी मारावा, भाकरी कोणी भाजावी, हे कलमात नसते, पुस्तिकेत असते. कागद आणि वहिवाट यांतील हे अंतर महाडाइतके दुसऱ्या कोणत्या गावास ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली केला, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे 1924 साली ठरविले. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळ भरून पाणी प्याले, तेव्हा दंगल उसळली. पुढे नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, आणि तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयात निकाल लागण्यास 1937 साल उजाडले.

1950 साली राज्यघटना अमलात आली आणि तिने अस्पृश्यता नष्ट केली. तुरुंगांच्या पुस्तिकांस मात्र ती वार्ता पोहोचली नसावी. कित्येक राज्यांच्या पुस्तिकांत सफाईचे काम विशिष्ट जातींच्या कैद्यांकडे आणि स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्यांकडे, असे नियम छापील स्वरूपात टिकून होते. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी असे नियम घटनाविरोधी ठरविले, राज्यांना ते तीन महिन्यांत दुरुस्त करण्यास सांगितले, आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतील कैद्याच्या जातीचा रकाना काढून टाकण्याची आज्ञा दिली. महाडच्या त्या ओंजळीला तेव्हा 97 वर्षे होऊन गेली होती.